बस्त्याआधी दोन माणसं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. भागवतनं सोनं दिलं, पाया पडला, पेढा खाल्ला आणि म्हणाला, उद्यापासून दुकानात येणार नाही.

बावीस वर्षं आमच्या गादीवर बसून साड्या दाखवल्या. कारण विचारलं तर म्हणाला, गुडघे गेले, मांडी घालून बसवत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मी कुणाला धरून ठेवत नाही. पण आधी पेढा खाऊन मग सांगायचं, ही पद्धत झाली का?

बेइमानी. दुसरा शब्द नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

मुलाशी, मल्लेशशी वाद. त्याचं खताचं दुकान वेगळं, पण आमच्या कापडाच्या दुकानाबद्दल मतं भरपूर. म्हणाला, भागवतकाका चार वर्षं दुसरा माणूस मागत होते, एकट्यानं बस्ता ओढवत नाही म्हणत होते, तू ठेवला नाहीस.

ठेवला नाही म्हणजे? शोधत होते. योग्य मिळाला नाही. घाईत माणूस घेतला नाही म्हणून तर आज पश्चात्तापाची वेळ आलेली नाही.

त्यावर मुलानं आईला मुदत दिली. तुळशीच्या लग्नापर्यंत दोन चांगली माणसं गादीवर बसलेली दिसली पाहिजेत. लग्नाच्या तिथी सुरू झाल्यावर बस्त्याला तीस-तीस बाया टेम्पोतून उतरतात, तेव्हा शोधाशोध चालणार नाही. माणसं मिळाली तर दुकान तुझं, तू चालव. नाही तर स्वप्ना बघेल.

स्वप्ना म्हणजे माझी सून. ती शेजारी उभी राहून भाजी निवडत होती. एकदाही मान वर केली नाही. यावरून काय ते समजलं.

हे गेल्यापासून दुकान मी सांभाळते. मुदत कसली देतोस? महिन्यात चार माणसं उभी करीन.

६ ऑक्टोबर, सोमवार

पद्धत ठरवली. बी.कॉम.ला पर्सोनेल मॅनेजमेंटचा पेपर होता. एकसष्ट मार्क होते. त्या वेळी एकसष्ट म्हणजे आजचे नव्वद.

माझं तत्त्व: माणूस घेणं म्हणजे सोयरीक करणं. आधी स्वतःच्या अक्षरात अर्ज. मग तोंडी परीक्षा. मग साडीची घडी घालून दाखवायची. मग घर बघायचं, चौकशी करायची, नातेवाइकांना विचारायचं. सगळं जुळलं तर सोमवारी सुरुवात. पोरगी देताना जेवढं बघतो तेवढं तिजोरीजवळ बसवताना बघायला नको?

दुकानावर पाटी लावली. ‘सेल्समन पाहिजे (स्त्री/पुरुष). चौकशीअंती नेमणूक.’ स्वप्ना म्हणाली, ‘चौकशीअंती’ काढा. मी ते लाल पेननं अधोरेखित केलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

पाच जण आले.

एक गंगाखेडला कापडाच्या दुकानात होता. अनुभव बराच. उद्यापासून येऊ का म्हणाला. एवढी घाई असणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका येते. कळवते म्हणून सांगितलं.

दोघांची अक्षरं वाईट. एकानं साडी उलगडताना पदर जमिनीला लावला. गेटआउट म्हणायची वेळ आली होती, पण मी सौम्य शब्दांत म्हटलं.

पाचवी संघप्रिया. इथलीच, बी.ए. झालेली. अक्षर चांगलं. घडीही बरी. मला ‘काकू’ म्हणाली, ‘मॅडम’ म्हणायला हवं होतं. मी विचारलं, तीस बाया एकदम आल्या तर काय करशील? म्हणाली, आधी पाणी देईन, मग बोलण्याआधी सगळ्याजणी कुणाकडं बघायल्यात ते बघीन, आणि तिच्यासमोर साडी टाकीन.

उत्तर बरोबर आहे. पण फार पटकन दिलं. थोडा विचार करायला हवा होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

स्वप्नाचं म्हणणं, संघप्रियाला आणि गंगाखेडवाल्याला आजच बोलवा. चांगली माणसं थांबत नसतात, आई. मी म्हटलं, चांगली माणसंच थांबतात. माझं स्वतःचं लग्न ठरायला अकरा महिने लागले. आमच्या लोकांनी ह्यांच्या घराची चौकशी पार नांदेडपर्यंत केली होती.

त्यावर ती म्हणाली, तोपर्यंत गिऱ्हाइकांना साड्या कोण दाखवणार?

प्रश्न विचारायची सवय आहे तिला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी

भागवत समोरच्या दुकानात आहे.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, आमच्या पायरीवरून दिसतो. समोरच्यांनी त्याला खुर्ची दिली आहे. खुर्चीवर बसून साड्या दाखवतो. मला बघून हात जोडले. मी तोंड फिरवलं.

गुडघे म्हणे! खुर्ची हवी होती तर मागायची. मी नक्की विचार केला असता.

संध्याकाळी मल्लेश म्हणाला, त्यानं दोनदा मागितली होती. मला आठवत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

संघप्रियाचं घर बघायला गेले. स्वप्नाला सोबत घेतलं, एकटीनं जाणं बरं दिसत नाही. वडील भगवानराव, पूर्णेला रेल्वेत होते, रिटायर होऊन इथं घर बांधलं. आई लक्ष्मीबाई. भिंतीवर तथागतांची तसबीर, खाली काचेचं पुस्तकांचं कपाट, काच पुसलेली. मी जातपात मानत नाही. चहा दोनदा घेतला, आणि हे स्वप्नानंही पाहिलं.

स्वयंपाकघर बघितलं. मोरी बघितली. दोरीवरचे कपडे बघितले, चिमटे सरळ रेषेत होते, हे महत्त्वाचं. मुलीचा स्वभाव, तब्येत, लग्नाचा विचार, पहाटे किती वाजता उठते, सगळं विचारलं. लक्ष्मीबाई उत्तरं देत होत्या. भगवानराव चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसला. शेवटी त्यांनी विचारलं, मग पोरीनं यायचं का?

म्हटलं, पूर्णेला तिची मावशी आहे ना? तेवढी चौकशी राहिली. दिवाळी झाली की कळवते.

परत येताना स्वप्ना काही बोलली नाही. तिला पद्धत पटली असावी.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

दुकानात गर्दी. गादीवर मी आणि स्वप्ना, दोघीच. बाया वाट बघून बघून उठून जात होत्या. हल्ली लोकांत धीरच उरला नाही.

गंगाखेडवाला समोर लागला. समोरच्यांनी त्याला उभ्या उभ्या ठेवून घेतलं म्हणे. नाव, गाव विचारलं आणि हातात मीटरपट्टी दिली. असं कुठे असतं? उद्या गल्ला घेऊन पळाला तर रडतील.

मी त्याला नाही म्हटलेलं नव्हतं, फक्त कळवते म्हटलं होतं. तेवढा दम निघाला नाही. बरं झालं, आधीच कळलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळच्या एसटीनं पूर्णेला. मावशी भेटली. तिचे शेजारी भेटले. भगवानरावांसोबत नोकरी केलेले एक गृहस्थ स्टेशनजवळ राहतात, त्यांनाही गाठलं. सगळीकडून एकच निकाल: पोरगी सोन्यासारखी.

मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि खात्री करणं वेगळं.

येताना ठरवलं, संघप्रिया सिलेक्टेड. सोमवारपासून. एक जागा भरली. क्वालिटीला वेळ लागतो, पण शेवटी क्वालिटीच मिळते. मल्लेशला जेवताना सांगितलं. तो म्हणाला, तिला सांगितलंस का?

उद्या निरोप पाठवते. तिला आनंद होईल.

२६ ऑक्टोबर, रविवार

हे लिहून ठेवलंच पाहिजे.

सकाळी भगवानराव दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मला वाटलं, आभार मानायला आले. बसा म्हटलं, चहा सांगितला. चहा त्यांनी पूर्ण प्यायला, कपबशी बाजूला ठेवली आणि मग शांतपणे बोलले.

“बाई, तुमी आमच्या घरी आलात, मोरीसुद्धा बघितलीत. रीतच हाय, राग न्हाई. मंग आमीबी तुमची चौकशी केली.”

मी म्हटलं, आमची?

आमच्याकडून सोडून गेलेल्या माणसांना ते भेटून आले होते. भागवतला भेटले. त्याच्या आधीच्या दोघांना भेटले. शेजारच्या भांड्यांच्या दुकानात विचारलं. माझ्या जुन्या धुणेवालीलासुद्धा विचारलं. रेल्वेचा माणूस, एक स्टेशन सोडलं नाही.

“सगळे म्हणले, बाई मनाच्या चांगल्या हायत. लबाडी न्हाई, पगार येळेवर. पण पुन्हा त्यांच्याकडं जाताव का म्हणलं, तर एकबी हो म्हणला न्हाई.” मग उठून हात जोडले. “आमच्या पोरीला हे स्थळ पसंत न्हाई.”

स्थळ!

गादीवर दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांनी ऐकलं. स्वप्नानं ऐकलं. ती गल्ल्यामागे वाकून काहीतरी शोधू लागली आणि बराच वेळ तिला ते सापडलं नाही.

मी एवढं त्या मुलीसाठी पूर्णेपर्यंत एसटीनं गेले. उभ्यानं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

विचार करते आहे. चौकशी मुलीकडच्यांची करायची असते, मुलाकडच्यांचीही करतात, हे मान्य. पण दुकानाची? दुकान डोळ्यांसमोर आहे, उघडं आहे, पाटी लावलेली आहे. त्यात काय विचारायचं?

भागवतनं काय सांगितलं असेल? बावीस वर्षांत त्याच्या पोरींच्या लग्नाचे बस्ते मी खरेदीभावात दिले. हे सांगितलं असेल का? नसेलच.

मल्लेशनं आठवण केली, तुळशीचं लग्न रविवारी. मी म्हटलं, मला कॅलेंडर वाचता येतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

प्रश्न सुटला.

देवगाव फाट्याहून धाकट्या बहिणीचा, कमलचा फोन. दिवाळीचं बोलणं झालं. सहज म्हणाली, आमचा शंभुराज सध्या घरीच आहे, फाट्यावरचं हॉटेल त्यानं सोडलं. मी तिथल्या तिथे म्हटलं, पाठव. उद्याच पाठव.

फोन ठेवायच्या आत नेमणूक. याला निर्णयक्षमता म्हणतात. फार चौकशा करत बसलं की चांगली माणसं हातची जातात, हे मी मल्लेशला समजावून सांगितलं. संघप्रियाच्या बाबतीत घरातल्या लोकांनी मला वेळेवर जोर दिला असता, तर ती आज गादीवर असती. स्वप्नानं माझ्याकडे पाहिलं आणि पोळी लाटत राहिली.

शिवाय हे रक्ताचं नातं. रक्ताची कसली चौकशी?

मल्लेश म्हणाला, दुसरा माणूस कुठे आहे? मी म्हटलं, शंभुराजची देहयष्टी पाहता त्याला दोन धरायला हरकत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. तुळशीचं लग्न

शंभुराज आला. पाया पडला, मावशी मावशी करतो. भरपूर जेवला. मुदतीच्या आत गादी भरली. मी बढाई मारली नाही, फक्त मल्लेशला ऐकू जाईल अशा आवाजात मंगलाष्टकं म्हणत अक्षता टाकल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शंभुराजला शिकवते आहे. लवकर शिकतो. रंग ओळखता येत नाहीत, डाळिंबी आणि मरून त्याला एकच. पण आवाज मोठा आहे. हॉटेलात ऑर्डर आत सांगायची सवय. इथेही गिऱ्हाइकानं काही मागितलं की वळून माळ्यावर ओरडतो, “दोन इरकल, एक काठपदर!” माळ्यावर कुणी नसतं. मग स्वतःच चढून काढतो.

स्वप्ना म्हणाली, त्याला जरा थांबवा. मी म्हटलं, उत्साह आहे. बस्त्याच्या गर्दीत आवाज लागतोच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या गौराबाईंच्या नातवाचा बस्ता. गौराबाईंचा स्वतःच्या लग्नाचा शालू आमच्या सासऱ्यांनी दाखवलेला. मुलींचे, सुनांचे, सगळे बस्ते आमच्याकडे. समोरचं दुकान झाल्यावरही त्या घरानं कधी रस्ता ओलांडला नाही. उद्या हा बस्ता नीट पार पडला की मल्लेशचं तोंड बंद.

गाद्यांच्या खोळी बदलल्या. शंभुराजला नवा शर्ट दिला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं संपलं.

टेम्पो भरून माणसं आली. पाणी झालं, चहा झाला. नवरीचा शालू पसंत पडला, अगदी पहिल्या थप्पीतला. वरमाईची पैठणी झाली. मी निश्चिंत होते. स्वप्नाला म्हटलंसुद्धा, बघ.

मग मानाच्या साड्या. सुमनबाई म्हणून गौराबाईंची नणंद, नवऱ्या मुलाच्या वडिलांची आत्या. तिचं आणि गौराबाईंचं कैक वर्षं बोलणं नव्हतं, या लग्नाच्या निमित्तानं मिटवलेलं. तिची पाळी आल्यावर गौराबाईंनी शंभुराजकडे बघून पापणी खाली केली. बस्त्यातला प्रत्येक सेल्समन ही खूण ओळखतो. अर्थ एवढाच की हलक्यातली दाखव, पण तिला कळू देऊ नको. त्या साड्यांची थप्पी वेगळी असते. देण्याघेण्याच्या साड्या म्हणतात, पण ते नाव गिऱ्हाइकासमोर घ्यायचं नसतं. हळूच एक काढायची आणि म्हणायचं, आत्याबाई, ही खास तुमच्यासाठी बाजूला ठेवली होती.

शंभुराजला खूण कळली. एवढं मात्र खरं. तो वळला आणि माळ्याकडे तोंड करून ओरडला, “आत्याला देण्याघेण्यातली एक!”

पोरं रडायची थांबली.

सुमनबाई उठली. पदर सारखा केला.

“वैनी, एवढ्या वरसांनी बोलीवलंस, ते ह्याच्यासाठी व्हय?”

गौराबाई काही बोलायच्या आत ती पायरी उतरली. तिच्यामागे तिच्या सुना. मग नवरीकडच्या बाया, कारण आता बसून राहणं बरं दिसत नाही. पसंत केलेला शालू तिथेच, अर्धा उलगडलेला. रस्त्यापलीकडे भागवत खुर्चीवरून उठून, कमरेला हात देत, पाण्याचा जग घेऊन पायरीवर उभा.

मी गौराबाईंचा हात धरला. म्हटलं, आक्का, पोरगा नवा आहे. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, पण चपला शोधत राहिल्या.

“बाई, पिढ्यानपिढ्या तुमच्याकडं येताव,” त्या म्हणाल्या. “माणूस तरी बघून ठेवायचा व्हता.”

बघून! मला! आणि त्या पण रस्ता ओलांडून गेल्या.

शंभुराज विचारत होता, मावशी, साडी काढू का खाली?

१५ नोव्हेंबर, शनिवार

शंभुराज सकाळच्या गाडीनं गेला. कमलचा फोन, माझ्या लेकराला चार माणसांत बोललीस. मी म्हटलं, तू सांगितलं नाहीस तो कसा आहे. ती म्हणाली, तू विचारलंच नाहीस. फोन ठेवला. सख्खी बहीण.

मल्लेश ओरडला असता तर मला बोलता आलं असतं. तो ओरडला नाही. जेवण झाल्यावर म्हणाला, “आई, आता स्वप्ना बघेल.” आणि ताट उचलून स्वतः धुवायला नेलं. आजवर कधी उचललं नव्हतं.

स्वप्नानं माझ्यादेखत संघप्रियाला फोन लावला. मी दुकान बघते आता, येतेस का, म्हणाली. पलीकडून काहीतरी अट आली असावी, कारण ही ‘चालेल, दुसरा माणूस तूच शोध’ म्हणाली. संपलं. वरणाला फोडणी द्यायला लागतो तेवढा वेळ.

म्हणजे नंबर हिच्याकडे होता. आधीपासून. केसानं गळा कापणं म्हणतात, ते याला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

संघप्रिया रुजू झाली. सोमवारी आली, म्हणजे निदान माझी पद्धत मोडलेली नाही.

मला सांगण्यात आलं, आई, आता तुम्ही वर आराम करा. वर म्हणजे दुकानाच्या वरचं आमचं घर. आराम केला. खिडकीतून समोरच्या दुकानाची गर्दी मोजली नाही. आपल्या दुकानाचीही नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ

दुपारी खाली फार आवाज येऊ लागला म्हणून लक्ष ठेवायला उतरले. बस्ता लागला होता. नवे लोक, पाहिलेले नव्हते. संघप्रिया मधोमध, तिच्यापुढे उलगडलेल्या साड्यांचा ढीग कमरेइतका. ती एका म्हातारीसमोर साड्या टाकत होती, बाकी कुणाकडे बघतही नव्हती, आणि म्हातारीनं मान हलवली की सगळ्या बाया मान हलवत होत्या. स्वप्ना बिलावर. दुसरा माणूस अजून मिळालेला नाही.

मी म्हणणारच होते की हे असं होतं, घाईत सुरू केलं की. तेवढ्यात संघप्रियानं ढिगावरून मान वर केली.

“काकू, घड्या घालताव का? आजच्या दिवस बघू.”

मी स्वप्नाकडे पाहिलं. स्वप्नानं सरकून जागा केली. माझ्या नेहमीच्या जागेवर नाही. कोपऱ्यात, ढिगाशेजारी.

बसले. घड्या घातल्या. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी शिकवलेली घडी, जर आत, काठावर काठ, एक सुरकुती नाही. एकेक साडी आरशासारखी. बाया जाईपर्यंत ढीग होता तेवढाच होता.

बस्ता झाला. पूर्ण झाला, आमच्याकडेच झाला. टेम्पो गेल्यावर संघप्रिया आली, मी घडी घातलेली एक साडी उचलली, उलटून पाहिली, काठावरून बोट फिरवलं.

“घडी एक नंबर हाय, काकू. पण लय येळ लावायलात तुमी.”

मी म्हटलं, दर्जाला वेळ लागतो. तिनं मान डोलावली, माझ्या समोर बसली आणि उरलेला ढीग आम्ही दोघींनी उरकला. बहुतेक तिनंच.

निवडीची ही पद्धत मला मुळीच पटलेली नाही. माझं शिक्षण विचारलं नाही. अनुभव विचारला नाही. दोन वाक्यांत बसवून मोकळी. अशानं दुकानाचा दर्जा कसा राहणार, ते मी स्वप्नाला एकदा बसवून सांगणार आहे.

संघप्रियानं उद्या नऊला बोलावलंय. साडेआठला जाईन.